सायरीनचा नवस

रविवारी सकाळी माणिकच्या खुर्चीत दाढीला बसलेल्या दशरथ धुरीला साबणाच्या फेसाखाली सायरीन दिसलं. सायरीन म्हणजे काय, हे मुलुंडात तरी कुणाला ठाऊक असणार! माणिक न्हाव्याला तर नव्हतंच. वस्तऱ्यावरचा फेस पुसायला तो जुन्या मासिकांची पानं फाडून गिऱ्हाइकाच्या खांद्यावर टाकायचा. पूर्वी वर्तमानपत्राचे तुकडे वापरायचा, पण त्याची शाई कॉलरला लागते म्हणून एका बँकेतल्या साहेबानं बोंब मारली, तेव्हापासून रद्दीवाल्याकडची इंग्रजी साप्ताहिकं आली. गुळगुळीत कागद, मोठाले फोटो. दशरथच्या खांद्यावर आलेल्या पानाच्या मधोमध फेसाचा गोळा पडला होता आणि गोळ्याच्या वर दोन दगडी खांब उभे होते. खांब म्हटले तर कुठलेही असतील. पण त्या खांबांच्या मागं डोंगराचा कडा होता, कड्याला काळं भगदाड होतं, आणि ते भगदाड दशरथला ठाऊक होतं. त्यात तो कमरेत वाकून शिरला होता, पाण्याचे डबे भरायला. "थांब रे!" तो एकदम ओरडला आणि मान हलली. झालं, गालावर रेघ उमटली. माणिक म्हणाला, "काय धुरी, मरायचंय काय? वस्तरा आहे हा, चमचा नव्हे." दशरथनं पान उचलून मांडीवर घेतलं, बोटानं फेस बाजूला केला. कडा, उतारावरच्या पायऱ्या, आडव्या पडलेल्या खांबांचे जात्यासारखे गोल, भलेमोठे तुकडे. पुढं एका ओट्यावर कमरेपर्यंतची दगडाची बाई, केसांच्या बटा नीट कोरलेल्या, डोक्यावरून पदर घेतलेला, आणि चेहऱ्याच्या जागी काही नाही. तुटलेलं नव्हे, कोरलेलंच नाही. नुसता गोटा. तिच्या मागं खणणारे पाचसहा मजूर, आणि त्यांतला एक कॅमेऱ्याकडं पाठ करून उकिडवा बसलेला. डोक्याला फडकं. डावा खांदा उजव्यापेक्षा खाली.

तुरटी गालाला झोंबत होती, पण दशरथचं लक्ष नव्हतं. पान घडी करून सदऱ्याच्या खिशात टाकलं आणि तो रस्त्यावर आला. खांदे काय, हजार लोकांचे वाकडे असतात, असं त्यानं स्वतःला सांगून पाहिलं. कारखान्यातल्या हमालांचे बघा. विक्रोळीच्या त्या कारखान्याची लॉरी तो गेली आठ वर्षं चालवत होता. माल चढवणाऱ्या प्रत्येकाचा एक खांदा उतरलेला. पण हमालाचा खांदा ओझ्यानं उतरतो, सावकाश, आणि मग सगळी पाठच त्या बाजूला झुकते. लढाईत बरोबर असलेल्या धाकूचा खांदा मात्र एका सकाळी उतरला होता. माडावरून पडला होता तो, चौदापंधरा वर्षांचा असताना, शेजाऱ्याचे नारळ चोरताना. वैद्यानं हाड बसवलं ते चुकीचं बसवलं. पाठ ताठ आणि खांदा तेवढा खाली, जणू खांद्यावर कुणी हात ठेवून उभं आहे. भरतीच्या वेळी डॉक्टरनं विचारलं होतं, हे काय? धाकूनं तोच हात गरागरा फिरवून दाखवला आणि म्हणाला, साहेब, लॉरीचं चाक फिरवायला पुरे. दोघं एकाच गावचे, कुडाळच्या अलीकडचे. एकाच दिवशी भरती झाले, एकाच बोटीनं गेले. गेलेले दोघे, आला एक.

आणि जो आला त्याच्या घरात आता धाकूची बायको होती. हे असं उघडं म्हटलं की वाईट दिसतं, म्हणून दशरथ स्वतःशीसुद्धा तसं म्हणत नसे. पण गोष्ट तशीच होती, त्याला इलाज नाही. सुगंधा धाकूची. लग्नानंतर जेमतेम एक पावसाळा दोघं एकत्र राहिली असतील, मग धाकू लढाईवर गेला तो गेलाच. सरकारचा कागद आला, बेपत्ता. पुढं लढाई संपल्यावर दुसरा आला, मेला असं धरून चालावं. धरून चालावं म्हणजे काय ते त्या कागदावर लिहिलेलं नव्हतं. गावचे म्हातारे म्हणाले, बेपत्ता माणसाची बारा वर्षं वाट बघायची, मग दर्भाचा पुतळा करून जाळायचा, त्याआधी बायको कुंकू पुसत नाही आणि बदलतही नाही. सुगंधाचा भाऊ म्हणाला, बारा वर्षं तिला पोसायला म्हातारे येणार आहेत काय? दशरथ तेव्हा मुंबईहून जाऊन-येऊन होता. आधी धाकूची ट्रंक पोचवायला गेला. मग ट्रंकेची किल्ली विसरली म्हणून गेला. मग काहीच विसरलं नव्हतं तरी गेला. अठ्ठेचाळीस साली दशरथ-सुगंधाचा पाट लागला, दुसरेपणाचं लग्न, आणि गावानं तोंड वाकडं केलं म्हणून दोघं मुलुंडला आली. मालन झाली. ती आता सहा वर्षांची, दशरथला बाबा म्हणायची, दुसरं काय म्हणणार! बारा वर्षं होऊनही दोन वर्षं लोटली. दर्भाच्या पुतळ्याचं नाव सुगंधानं काढलं नाही आणि दशरथनंही काढलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. पण पितृपक्ष आला की दशरथला घास गोड लागत नसे. सुगंधा सगळ्यांची पानं वाढायची, सासूचं, आईचं, तान्हेपणी गेलेल्या भावाचंसुद्धा. धाकूचं पान ती वाढत नसे. म्हणजे तिच्या हिशेबी तो अजून जिवंत होता, दशरथ समजायचा. जिवंत आणि येणारा. दारावर कुणी अनोळखी थाप मारली, की दशरथ आधी तिच्या तोंडाकडं बघायचा.

बाजाराकडं जायचं ते सोडून तो रेल्वे ओलांडून मिठागरांच्या बाजूला चालू लागला. तिकडं रविवारी कुणी नसतं. पांढरे चौकोन, मधून बांध, लांब खाडी. हा असा सपाट मुलूख त्याला आवडत नसे. लिबियातल्या खालच्या भागाची आठवण यायची, दिवस दिवस लॉरी चालवली तरी समोरचं बदलायचं नाही, दातांखाली कचकच, चहात कचकच. आणि मग एके दिवशी रस्ता चढायला लागला. वळणं घेत घेत लॉऱ्या वर आल्या आणि धाकूनं मागून हॉर्न वाजवून वाजवून जीव खाल्ला. थांबून दशरथ उतरला तर धाकू खाली वाकून माती हातात घेऊन उभा. लाल माती! कोकणातल्यासारखी तांबडीलाल. वर पाऊस भुरभुरत होता, डिसेंबरात. झुडपं हिरवी, वाऱ्याला वास होता. "दशरथा, आमी फिरान फिरान घराकच इलंव की काय रे?" असं म्हणत धाकू हसत सुटला. लॉऱ्या तिथं काही दिवस थांबल्या. गाव म्हणावं तर चार घरं, इटालियन लोक टाकून गेलेली. बाकी सगळा डोंगर म्हणजे मोडलेलं शहर. त्यांचा लेफ्टनंट कॉलेजात शिकवणारा होता; तो हातात टोपी घेऊन फिरायचा, देवळात फिरतात तसा. म्हणाला, हे सायरीन, आधी इथं ग्रीक लोक होते, मग रोमन, अडीच हजार वर्षांपूर्वी हे शहर मुंबईसारखं गजबजलेलं होतं. भूकंपात पडलं. मोठ्या देवळाचे खांब एकाच दिशेला ओळीनं पडले होते, एकेक तुकडा जात्यासारखा गोल आणि छातीएवढा जाड, त्यांच्यामधून धनगरांच्या शेळ्या चरत होत्या. डोंगराच्या पोटात अर्धगोल पायऱ्या कापल्या होत्या, नाटक बघायला. जवान तिथं ओळीनं बसून चहा पीत, आणि समोर नाटकाच्या जागी खाली पार समुद्रापर्यंत उतरलेला डोंगर. न्हाणीघरं होती, फरशीवर रंगीत खड्यांचे मासे. धाकू म्हणाला, ह्यो बांगडो न्हय काय? दशरथ म्हणाला, तुका सगळ्यात बांगडोच दिसता. आणि कड्यातून ते पाणी. खडक पोखरून आत बोगदा केलेला, त्यातून झरा, थंडगार, बारमाही. झऱ्याच्या कठड्यावर हजारो लोकांच्या हातांनी खळगा पडला होता, आणि धाकूनं पाणी पिताना हात ठेवला तो बरोबर त्या खळग्यात. इतकी सुखाची जागा सगळ्या लढाईत दुसरी मिळाली नाही.

तिथंच ती बिनचेहऱ्याची बाई भेटली. रस्त्याच्या कडेला कड्यात कोरलेल्या खोल्या होत्या, दारं असलेल्या, ओळीच्या ओळी. पावसात जवान त्यांत झोपायचे. अशा एका दाराशी ती ठेवलेली. बाकीचे पुतळे दोघांना परके वाटले होते, उघडे, गोंडस, साहेबलोकांच्या बगीच्यातल्यासारखे. हिला बघून मात्र धाकू पायांतले बूट काढू लागला. दशरथ म्हणाला, काय करतंस? धाकू म्हणाला, "डोळे फुटले काय तुझे? तोंड खय आसा हिका? म्हणजे ही आपल्यातली." आणि खरंच होतं ते. गावचा देव म्हणजे गोटाच, त्याला नाकडोळे कुठले! तोंड असलेले देव शहरात. ज्याला तोंड नाही तो जागेचा मालक, राखणदार. परक्या जागेत निजायचं तर आधी त्याला सांगायचं, ही रीत. नाही सांगितलं तर पाय ओढतो. तेव्हा धाकूनं गाऱ्हाणं घातलं. गावात हे काम म्हाताऱ्यांचं, एकानं देवापुढं उभं राहून बोलायचं आणि बाकीच्यांनी वाक्यावाक्याला होकार भरायचा. इथं बाकीचे म्हणजे एकटा दशरथ. धाकूनं दगडावर सिगारेट ठेवली, पाण्याचा हात फिरवला आणि मोठ्यानं सुरू केलं, "बा देवा म्हाराजा, जो कोण तू हयचो जागेवालो आसशीत..." "व्हय म्हाराजा." "आमी दोघां परमुलखातली लेकरां तुझ्या पायाकडे इलंव. तुझी भाषा आमका येणा नाय, आमची तुका येणा नाय, तरी समजान घे." "व्हय म्हाराजा." "ह्या लढाईतसून आमका दोघांकव सुखरूप घराक पोचव. दोघां मिळान तुका जोडनारळ देतलंव." "व्हय म्हाराजा!" शेवटचा होकार दशरथनं एवढ्या जोरात भरला की कड्यात घुमला आणि पलीकडून कुणीतरी पंजाबीत शिवी दिली. दोघं पोट धरून हसले. नारळ कुठला तिथं! घरी पोचल्यावर समुद्रात सोडू, धाकू म्हणाला, समुद्र काय, सगळा एकच.

पुढं काय झालं ते थोडक्यात. जर्मन परत फिरले, माघार घ्यावी लागली, एका फाट्यावर रात्री लॉऱ्यांचे दोन भाग झाले. दशरथचा भाग सकाळी समुद्राकाठी निघाला. धाकूचा भाग निघालाच नाही. कुणाचा दोष नव्हता. वाटेवर उभ्या असलेल्या शिपायानं एका लॉरीला डावीकडं जा म्हटलं, एकीला उजवीकडं, बस.

नवसाचं दशरथनं कुणाला सांगितलं नाही. सांगायचं काय? दोघांना पोचव म्हटलं होतं, देवानं एकच पोचवला. काम अर्धं झालं तर नारळ अर्धा द्यायचा काय? जोडीचा नवस एकट्यानं फेडता येत नाही, फेडला तरी लागू होत नाही, हे गावचं शेंबडं पोर सांगेल. म्हणून तो गप्प राहिला आणि हळूहळू त्या गप्प राहण्याची सवय झाली. घरात मात्र नवसाच्या बाबतीत सुगंधा म्हणजे तलवार. मालनला गोवर आला तेव्हा देवीला खण बोलली होती. पोरीचा ताप उतरला त्याच दिवशी, अंगात स्वतःच्या कणकण असताना, चालत जाऊन खण देऊन आली. उद्या जा म्हटलं तर म्हणाली, देव उद्या म्हणालो काय, की मी उद्या म्हणू? अशा बाईसमोर हे काढायचं म्हणजे हात दाखवून अवलक्षण.

मिठागराच्या बांधावर बसून त्यानं पान पुन्हा उघडलं. फोटोखाली इंग्रजी ओळी होत्या. पलटणीत शिकलेलं इंग्रजी पेट्रोल आणि टायरच्या पलीकडं जात नव्हतं. एका शब्दाशी अडला आणि उठला. चाळीच्या तळमजल्यावर अण्णा राहायचे, पेन्शनीत निघालेले हेडक्लार्क. रविवारी ओसरीवर खुर्ची टाकून बसत, कुणी इंग्रजी कागद घेऊन आलं तर त्यांचा दिवस साजरा व्हायचा. अण्णांनी चष्मा पुसला. "वा, वा, धुरी! सायरीन म्हणजे आफ्रिकेतलं ग्रीक शहर. तुम्ही गेला होतात? आणि आम्हाला सांगता आत्ता?" मग फोटोखालचं वाचून मराठीत केलं. उत्खनन पुन्हा सुरू झालं आहे. रस्त्याच्या दोन्ही अंगांना जे कोरलेले दरवाजे दिसतात ती थडगी, शहराबाहेर मैलोन्‌मैल पसरलेली. आणि ही चेहरा नसलेली मूर्ती, अशा मूर्ती थडग्यांवर बसवत. मेलेल्यांच्या जगाची राणी असावी असं पंडित समजतात. "म्हणजे यमीणच म्हणा की," अण्णा हसून म्हणाले. "एकदा खाली नेलेलं माणूस तिच्या मर्जीशिवाय वर येत नाही, असं त्या लोकांच्या पुराणात आहे." दशरथनं विचारलं, "आणि ही माणसं? मागची, खणणारी?" अण्णांनी पान डोळ्यांशी नेलं. "स्थानिक मजूर, एवढंच म्हटलंय. का हो?" "काही नाही," दशरथ म्हणाला.

घ्या! म्हणजे जागेचा मालक म्हणून जिच्यापुढं बूट काढून उभे राहिले, ती स्मशानातली देवी. थडग्यांत झोपले, थडग्याच्या दाराशी उभं राहून घरी पोचव म्हणाले. असला शहाणपणा जगात दुसऱ्या कुणी केला नसेल. साहेबाच्या पलटणीतला गोरा असता तर त्यानं पुतळ्याच्या गळ्यात हात टाकून फोटो काढला असता आणि सुटला असता. दशरथ चाळीचा जिना चढला नाही. तो पुन्हा रस्त्यावर आला आणि बाजाराच्या कडेनं फिरत राहिला, आणि डोक्यात जे फिरत होतं त्याला आता चांगलं टोक आलं होतं. देवीनं दोघांतला एक सोडला आणि एक ठेवून घेतला. ओलीस. का ठेवणार नाही? परक्या मुलखातली माणसं, बोलून गेली, येतील कशावरून? एकाला धरून ठेवलं की दुसरा नारळ घेऊन येतो. आणि दुसरा आला नाही. दुसऱ्यानं मुलुंडला खोली घेतली, पहिल्याच्या बायकोशी पाट लावला आणि रविवारी दाढी करायला लागला. तिकडं तो उकिडवा बसून माती उपसतोय, पाठ करून, चौदा वर्षं. हे खरं नसतं, असं होत नसतं, हे दशरथला कळत होतं. लॉरीचं इंजिन खोलून जोडणारा माणूस तो, काय कशानं फिरतं ते त्याला कळत होतं. पण कळून काय उपयोग? नारळ दिला आणि धाकू सुटला, दारात येऊन उभा राहिला, तर सुगंधा त्याची. कायद्यानं नसेल, पण तिच्या मनानं? ते दशरथनं कधी विचारलं नव्हतं, विचारायची छाती नव्हती. आणि नारळ नाही दिला तर त्याच्या सुखाखाली धाकू गाडलेला. इकडं आड, तिकडं विहीर. पानटपरीपाशी उभं राहून त्यानं चहा मागवला आणि प्यायलाच नाही. त्याला रडू यायला लागलं होतं, भर बाजारात, आणि त्याला त्याचीच लाज वाटली. धाकूची आठवण येऊन रडू आलं असतं तर चाललं असतं. रडू येत होतं ते भीतीनं. धाकू यायला नको होता त्याला. हे मनात स्पष्ट उमटलं तेव्हा तो चहा तसाच ठेवून तडक नारळवाल्याकडं गेला आणि दोन नारळ घेतले, वाजवून, शेंडी असलेले, एकसारखे. धाकू येऊ नये म्हणूनच आपण नवस अडवून ठेवलाय, हे कळल्यावर तो तसाच ठेवणं त्याला शक्य नव्हतं. संध्याकाळपर्यंत थांबलो तर द्यायचो नाही, हेही त्याला ठाऊक होतं.

घरी आला तेव्हा सुगंधा पाट्यावर मिरची वाटत होती. मासे कापून, हळदमीठ लावून ठेवलेले. मालन गॅलरीत पोरींबरोबर सागरगोटे खेळत होती. "खय होतास? दाढी करूक मुलुंडातच गेल्लास ना?" सुगंधा वर न बघता म्हणाली. दशरथनं पिशवी भिंतीशी ठेवली, पान काढून तिच्यापुढं जमिनीवर उलगडलं. साबण वाळून पांढरे डाग पडले होते.

"ह्या काय?"

"आमी थय होतंव. लढाईत. मी नि धाकू."

धाकूचं नाव त्या खोलीत पहिल्यांदाच कुणी घेतलं. सुगंधानं मिरचीचे हात पाण्यात बुडवले, पदराला पुसले आणि पान दोन्ही हातांनी उचललं. उंबऱ्याशी उजेडात गेली. पानावरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "हय झाडां आसत."

"आसत. झरो पण होतो. मोठो."

"माती कसली होती?"

"तांबडी. आपल्यासारखी."

"माका सगळ्यांनी रेती म्हणान सांगल्यानी," सुगंधा म्हणाली, आणि तिचा आवाज चढला. "तुमीसुद्धा. ट्रंक घेवन इलास तेवा काय म्हणालास? रेतीत हरावलो. इतकी वर्सां माझ्या डोळ्यांसमोर नुसती रेती. तेंच्या तोंडात रेती, कानात रेती. रात्री उठान मी पाणी पितंय ता कित्या? तुमका एकदा सांगूक येयत नव्हता, की थय पाणी होता म्हणान?"

"तू कधी इचारलंस नाय."

"मी इचारूचा? दुसऱ्या घोवाक पयल्या घोवाचा इचारूचा? बरे आसास!"

दशरथ खाली बसला. आता थांबण्यात अर्थ नव्हता. त्यानं सांगायला सुरुवात केली. लाल माती सांगितली, खड्यांचे मासे सांगितले, धाकू कसा हॉर्न वाजवत आला ते सांगितलं. सुगंधा हसली. दशरथला वाटलं, झालं, गेली ही. मग त्यानं बोट ठेवून तो उकिडवा बसलेला माणूस दाखवला. "खांदो बघ." सुगंधानं पान डोळ्यांशी नेलं. ती नाही म्हणेल, वेडे की काय म्हणेल, अशी त्याला आशा होती. ती म्हणाली, "खांदो तसोच दिसता." मग दशरथनं गाऱ्हाणं सांगितलं, जोडनारळ सांगितला, अण्णांनी वाचलेलं सांगितलं. शेवटी भिंतीकडं बघत म्हणाला, "नारळ घेवन इलंय. जेवान झाला की खाडीर जातंय, देतंय. तेका अडकवन ठेवचा माका जमाचा नाय. मगे काय होईत ता होईत."

"दिल्यार काय होतला?"

"सुटतलो."

"सुटान खय जातलो?"

"घराक."

"खयच्या घराक?" सुगंधानं विचारलं.

बाहेर मालन ओरडत होती, तुझी पाळी नाही, माझी पाळी. सुगंधा उठली. ती देवापुढं दिवा लावील, नवस ऐकून आधी हात जोडील, असं त्याला वाटलं. ती बाई तशीच होती. तिनं पिशवीतून एक नारळ काढला, त्याची शेंडी सोलली आणि कोयत्यानं एक घाव घातला.

"सुगंधा! नवसाचो नारळ आसा तो!"

"म्हायत आसा माका." दुसरा घाव बसला. पाणी तिच्या हातावरून खाली गेलं, तिनं वाटी धरली नाही. दोन भकलं झाली. विळी पुढं ओढून, पायाखाली दाबून ती खवू लागली, खसाखसा, आणि डोळ्यांतून धारा लागल्या त्या पुसायला थांबली नाही. "माका ते येवक नको," ती म्हणाली. "आयकलास? फोटो बघितलंय आणि आधी मनात इला, हे खरेच येतीत म्हणान. तेंच्यासाठी पाणी पितंय, तेंच्यासाठी रडतंय, पण येवक नको. माझा चेडू, मालन, बाबा कोणाक म्हणतला? मी कोणाक वाढतलंय? इतकी वर्सां देवासमोर हात जोडतंय आणि एकदाय तेंका आणून घाल म्हणाक नाय. तुमका वाटला मी वाट बघतंय. मी वाट बघणा नाय, मी भितंय. आता काय ता त्या बिनतोंडाच्या बायेन माझ्यार करूंदे. तुमी देवक निघाल्लास, मीच देवक दिलंय नाय. माझ्या माथ्यार."

इतकी वर्षं जे ऐकायला दशरथ जीव टाकत होता ते त्यानं ऐकलं होतं, आणि त्याच्या अंगावर काटा आला होता. सुगंधानं खोबरं पाट्यावर घेतलं, मिरचीत मिसळून वाटलं, कालवण चढवलं. कोकमं टाकली. मासे सोडले. मालनला हाक मारली, हात धू म्हणाली. तिघांची पानं घेतली.

"दुसरो ठेवतंय," ती भात वाढताना म्हणाली. तिचा आवाज आता नेहमीसारखा होता. "बुधवारी बांगडे मिळाले तर लागात."

दशरथनं मालनकडं पाहिलं, मग ताटाकडं. कालवण लाल झालं होतं, वर तेलाचा तवंग, वास घरभर भरला होता. त्यानं भात कालवला आणि जेवायला लागला. भूक सपाटून लागली होती. दुसऱ्यांदा भात मागितला तेव्हा सुगंधानं त्याच्याकडं न बघता वाढला, आणि वर दोन पळ्या कालवण घातलं.